बांधावरचा आंबा : चित्र नऊ ते चौदा

मागच्या नोंदीत चित्र आठवर थांबलो होतो. नव्या मंडळींसाठी एवढंच सांगतो की मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, नोकरी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर (धातू गोल कातायचं यंत्र), आणि रविवारी चित्रं. आमच्या शेताच्या बांधावर एक रायवळ आंबा आहे, मागं राजहंसगडाचा डोंगर. गेलं दीड वर्ष तेवढं एकच झाड काढतोय. घरात आता त्याचं कौतुक संपलंय. बायको म्हणते, ह्या झाडाला आंबे लागले त्यापेक्षा चित्रं जास्त लागली.

बेळगावात चित्रकला म्हटली की के. बी. कुलकर्णींचं नाव निघतं. इथल्या दोन-तीन पिढ्या व्यक्तिचित्रावर आणि जलरंगातल्या निसर्गावर वाढल्या. मीही त्याच वळणानं शिकलो, त्यामुळं पहिली पाच चित्रं चारचौघांना आवडतील अशी झाली. खोड खोडासारखं, सावली सावलीसारखी. सहा, सात, आठमध्ये फांद्या सोप्या करत गेलो. तिथवर ठीक होतं.

नऊपासून घोटाळा झाला.

डच चित्रकार पीट मोंद्रिआन झाडं काढत काढत नुसत्या रेघा आणि रंगांपर्यंत पोचला, तो क्रम तुमच्यातल्या काहींना माहीत आहेच. 1908 च्या सुमाराचं लाल झाड, निळ्या संध्याकाळीत पेटल्यासारखं. 1911 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्यानं पिकासो आणि ब्राकची घनवादी (वस्तू भूमितीच्या तुकड्यांत मोडून दाखवणारी) चित्रं पाहिली, आणि त्याच वर्षीच्या करड्या झाडात फांद्या कमानींसारख्या होऊन आकाशात मिसळायला लागल्या. 1912 च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात तर झाड शोधावं लागतं, नुसत्या वळणदार रेघांची जाळी उरलीय. पुढं 1915 मध्ये समुद्र आणि धक्का बघून त्यानं अधिक-उणेच्या चिन्हांसारख्या काळ्या रेघांचं चित्र केलं. सरळ काळ्या पट्ट्या, लाल, पिवळा, निळा हे आपण ज्याला मोंद्रिआन म्हणतो ते 1920-21 ला येतं. म्हणजे लाल झाडापासून बारा-तेरा वर्षं.

मी म्हटलं, बारा वर्षं कोण थांबतंय? आणि आठवरून एकदम त्या सरळ काळ्या पट्ट्यांवर उडी मारली.

नऊ आणि दहा ही दोन्ही चित्रं 24 बाय 24 इंच कॅनव्हासवर. पट्टी, गुण्या, व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन बसलो. आमच्या धंद्यात जॉब मापात बसला नाही की रिजेक्ट, ती सवय हातात मुरलेली. कॅनव्हासचे तीन उभे, चार आडवे भाग केले, सगळ्या रेघा तीन सुती, काटेकोर. रंग भरले आणि समोर उभा राहिलो तर बाथरूमच्या लाद्या. कारखान्यातला एक सोबती घरी आला होता, तो म्हणाला, "नवीन फरशी बसवूलास काय गा?" त्याचा काही दोष नाही.

दहामध्ये राजहंसगडाचा उतार हवा म्हणून एक तिरकी रेघ घातली. तिरक्या रेघेवरूनच मोंद्रिआन आणि त्याचा सोबती चित्रकार थिओ व्हॅन डूसबर्ग यांचं बिनसलं होतं. दोघांनी 1917 मध्ये ‘द स्टाइल’ ह्या सरळ रेघा आणि मूळ रंगांच्या चळवळीत एकत्र काम सुरू केलं होतं, पण डूसबर्गनं 1924 च्या आसपास कर्ण, म्हणजे तिरकी रेघ, आणला आणि मोंद्रिआन बाजूला झाला. एका रेघेपायी एवढं कशाला, असं मला पूर्वी वाटायचं. माझ्या चित्रातली तिरकी रेघ मात्र घाटातल्या वळणाच्या फलकासारखी दिसायला लागली. दोन्ही चित्रं भिंतीकडं तोंड करून ठेवली.

मग रोप लावणीचे दिवस आले. सुट्टी टाकून चार दिवस शेतात होतो. पाचव्या दिवशी पाऊस जरा उघडला म्हणून गडावर गेलो. तुमच्यातले जे आलेत त्यांना ठाऊक आहे, वरून बघितलं की खाली नुसती खाचरं. त्या दिवशी काहींत लावण झालेली, काहींत चिखलणी होऊन पाणी थांबलेलं. पाण्याचे तुकडे आकाशासारखे पांढुरके, एक निळसर, एक मातकट, एक करडा. आणि मध्ये काळे ओले बांध.

तिथं बसल्यावर लक्षात आलं ते असं. बांध एका जाडीचे नसतात. ज्या बांधावरून बैलगाडी जाते तो रुंद. दोन भावांच्या वाटणीतला बांध बारीक, कारण दरसाल दोन्हीकडून कुदळीनं कोरतात. (आमच्या गावात ह्या विषयावर चारचौघांत बोलायचं नसतं, चित्रात आणायला हरकत नाही.) काही बांध मध्येच संपतात, कारण तिथं पाणी सोडायला तोंड ठेवलेलं असतं. प्रत्येक रेघेच्या जाडीला आणि थांबण्याला कारण होतं. माझ्या तीन सुती रेघांना काय कारण होतं? पट्टी हाताशी होती एवढंच.

घरी येऊन मोंद्रिआनचं 1930 चं ते प्रसिद्ध लाल-निळं-पिवळं चित्र छापील प्रतीत पुन्हा बघितलं. मूळ चित्र जेमतेम दीड फुटाचं. उजवीकडं वर मोठा लाल, डावीकडं खाली निळा, उजव्या कोपऱ्यात पिवळ्याची चिंधी. डावीकडं दोन पांढऱ्या चौकोनांच्या मध्ये एक आखूड आडवी रेघ आहे, ती बाकीच्यांपेक्षा ठळक जाड आहे. शंभर वेळा बघितलेलं चित्र, पण ती जाडी मी कधी बघितली नव्हती. ती रेघ अंगठ्यानं झाकून बघा, सगळा तोल लाल रंगाकडं ढासळतो. 1920-21 च्या सुमाराच्या काही चित्रांत तर काळ्या रेघा कॅनव्हासच्या कडेच्या जरा अलीकडंच थांबतात. मला ते पाण्याचं तोंड वाटलं. त्याला तसं वाटलं नसणार, पण माझं काम झालं. तो रेघांच्या जागा गणितानं काढत नसे, नजरेनं ठरवायचा आणि पुन्हा पुन्हा सरकवायचा. व्हर्निअरवाल्या माणसाला हे पचायला महिना गेला.

अकरा : परत झाडाकडं. कोळशानं फक्त फांद्यांच्या मधल्या रिकाम्या जागा काढल्या, फांद्या नाहीत. हे करून बघाच.

बारा : गडावरून दिसलेले बांध, त्यात आंब्याची जागा म्हणजे एक उभी जाड रेघ. आडव्या रेघांना ती जिथं छेदते तिथंच झाड आहे असं समजायचं. हे पहिलं चित्र, ज्याला लादी म्हणून कुणी हसलं नाही. कुणी काहीच म्हणालं नाही, ते सोडा.

तेरा : हे रंगात मार खाल्लं. पावसाळ्यातल्या बेळगावातून हिरवा काढून टाकायचा म्हणजे आमटीतून मीठ काढल्यासारखं. सहा-सात हिरवे करून बघितले, प्रत्येक वेळी चित्र परत शेत व्हायचं. शेवटी हिरव्याच्या जागी पांढरेच ठेवले, पण पाण्याच्या तुकड्यांसारखे वेगळे : टिटॅनियम व्हाइटमध्ये एकात अल्ट्रामरीन निळ्याचा थेंब, एकात मातकट रॉ सिएना, एकात काळ्याचं बोट. ब्रशचे हातही एकात उभे, एकात आडवे. मोंद्रिआनचे पांढरे असेच एकमेकांपासून वेगळे असतात, छापील प्रतीत ते मारले जातात.

रेघेची कड सरळ यावी म्हणून लावतात त्या टेपविषयी, कारण दोघा-तिघांनी विचारलं होतं. आमच्याकडं श्रावणात हवेतच पाणी असतं. अ‍ॅक्रिलिक वरून सुकतं, आत ओलं राहतं. मास्किंग टेप लावून काळा मारला तर कडेखालून पाझरतो, आणि सुकायला ठेवून मग ओढली तर खालचा पांढरा सोलून निघतो. माझं दोन्ही झालं. आता टेप लावली की आधी तिच्या कडेवर खालचाच पांढरा हलका फिरवतो. जे पाझरायचं ते पांढरंच पाझरतं आणि कड बंद होते. मग काळा, पातळ, दोन हात. दुसरा हात पुरता सुकायच्या आत टेप तिरकी, सावकाश ओढायची.

भूमितीची चित्रं म्हटली की आपले चित्रकार सय्यद हैदर रझांचं नाव इथं दर वेळी निघतं, म्हणून थोडंसं. तेही निसर्गचित्रांतूनच बिंदूकडं, म्हणजे त्या मोठ्या काळ्या वर्तुळाकडं, आले, 1950 मध्ये फ्रान्सला गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी. त्यांची भूमिती आत ओढते, मोंद्रिआनची कडेकडं पळते. माझा ओढा कुठं ते तुम्हांला कळलंच असेल. वर्तुळ मला अजून जमत नाही, लेथवर सोडून.

चौदा अर्धवट आहे. मोंद्रिआन 1940 मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर कॅनव्हासवर रंगीत कागदी टेप चिकटवून रेघा सरकवत बसायचा. ते ऐकून मी काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या कापल्या, वेगवेगळ्या जाडीच्या, आणि पांढऱ्या कॅनव्हासवर टाचण्यांनी लावल्या. रोज कामावरून आलो की एखादी हलवायची. तीन आठवडे झाले. परवा बाबा चहा पीत समोर उभे राहिले. चित्राबिद्रातलं त्यांना काही नको असतं. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो बांध हितं नसतोय गा. पाणी कुठनं जाणार?" आणि खालची आडवी पट्टी उपसून दोन बोटं वर लावली. टाचणी तिरकी बसलीय त्यांची. मी ती अजून काढलेली नाही. पट्टी आहे तिथंच बरोबर वाटतेय, पण तिच्यामुळं आता डावीकडची उभी रेघ जाड करावी लागणार, आणि तेवढी जाड कार्डशीटची पट्टी संपलीय. रविवारी गणपत गल्लीत जाऊन आणेन.