माळवदाची खोली, एक गळा, एक पियानो

अमेरिकेतली जुनी कॅबरे गाणी एक गळा आणि एक पियानो एवढ्यावर घरी रेकॉर्ड करायची ठरवली, आणि हार्मोनियमवर मुरलेला हात पियानोवर बसला, की सगळ्यात आधी आडवी येते ती साथीची सवय. आपल्याकडे साथीदार गायिकेच्या मागोमाग तीच चाल वाजवतो. भावगीताला आणि अभंगाला ते शोभतं. १९२० ते १९५० या काळातल्या अमेरिकन गाण्यांत मात्र त्यानेच रेकॉर्डिंगची माती होते. तिथे गायिका शब्द ठोक्याच्या किंचित मागे टाकते, बोलल्यासारखा. पियानोने तीच चाल नेमकी ठोक्यावर वाजवली, तर ऐकणाऱ्याला दोघांपैकी एकजण चुकतोय असं वाटतं. गायिका मागे राहिली म्हणून पियानो थांबला, तर गाणं लंगडतं. पियानोवाल्याने चाल सोडून द्यायची. डाव्या हाताने पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर खर्जाचा सूर, उजव्या हाताने मधल्या सप्तकात कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन-चार सूर), आणि लय घड्याळासारखी. बोलायची जागा त्यालाही आहे. आठ बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) ओळीत सातव्या-आठव्या बारला गायिकेचा सूर बहुतेक वेळा लांबलेला असतो किंवा संपलेला असतो. त्या आठ मात्रा त्याच्या.

कॅबरे म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातला नाच आठवतो. इथे अर्थ वेगळा आहे: लहानशी जागा, थोडी टेबलं, एक गाणारं, एक वाजवणारं. पियानोवादक विल्यम बोलकम आणि गायिका जोन मॉरिस या जोडप्याने १९७०च्या दशकापासून जुन्या अमेरिकन गाण्यांच्या रेकॉर्ड काढल्या, त्या याच दोन माणसांच्या बळावर. दोघांच्या गाण्यात लपायला जागा नसते. शब्द कळला नाही तर गाणं गेलं.

गाण्याचा साचा सोपा आहे. बहुतेक गाणी ३२ बारची: पहिले आठ, पुन्हा तीच चाल नव्या शब्दांत, मग अंतऱ्यासारखे वेगळे आठ, शेवटी पुन्हा पहिली चाल. मिनिटाला ६० ठोके धरले तर ३२ बारना २ मिनिटं ८ सेकंद लागतात. अंतऱ्यापासून पुन्हा एकदा गायलं तर ४८ बार, ३ मिनिटं १२ सेकंद. याहून लांबवू नका. मुख्य गाण्याआधी ‘व्हर्स’ नावाची प्रस्तावना असते, ती मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींवर पुष्कळदा गाळली जायची. ती जरूर घ्या. गझलेच्या आधी गायक मोकळा शेर म्हणतो, तशी ती लयीत न बांधता गायची. पियानोने एकेक कॉर्ड ठेवून वाट पाहायची. थांबायची मुभा फक्त इथेच.

पट्टी ठरवताना ‘माझी काळी चार’, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी, हे उत्तर पुरत नाही. चाल सा पासून सुरू होईल असा भरवसा नसतो, आणि आवाका सप्तकाच्या वर दोन-चार सुरांचा असतो. आधी गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा. तो ओरडल्याशिवाय, बोलण्याच्या आवाजात लागला पाहिजे. मग खालचा तपासा. छापील नोटेशन रंगभूमीच्या उंच आवाजासाठी असतं, त्यामुळे बायकांना ते तीन-चार सूर खाली आणावं लागतं. डिजिटल पियानोचं ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करायचं) बटण वापरलंत तर प्रत्येक गाण्याच्या कागदावर आकडा लिहून ठेवा. मागच्या गाण्याचा आकडा तसाच राहणं ही नेहमीची चूक.

काही गाण्यांत सा च हलतो. अमेरिकन संगीतकार जेरोम कर्न यांच्या १९३९च्या ‘ऑल द थिंग्ज यू आर’मध्ये पहिल्या आठ बारमध्येच काळी चारवरून पांढरी एकवर जावं लागतं. पुढच्या आठात काळी दोनवरून पांढरी पाच, आणि मधल्या भागात पांढरी तीन. वर हे गाणं ३२ऐवजी ३६ बारचं. इथे तानपुरा लावून रियाज केला तर कान फसतो. खर्जाच्या सुरांची ओळ पियानोवर वाजवून तिच्यावर चाल गायची, हाच रियाज.

उच्चारात तीन गोष्टी मराठी जिभेला नडतात. ‘नाइट’, ‘टाइम’मध्ये सूर ‘आ’वर धरायचा आणि ‘इ’ अगदी शेवटी टाकायची; आपण ‘इ’ लवकर आणतो आणि सूर पिचका होतो. इंग्रजी ‘ट’ आपल्या ‘ट’पेक्षा पुढे, दातांच्या हिरडीवर लागतो. आणि ‘व’ दोन आहेत: ‘लव्ह’साठी वरचे दात खालच्या ओठावर, ‘विल’साठी ओठांचा चंबू.

आता खोली. लातूर-बीडकडची माळवदाची, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताची खोली या कामाला उत्तम, फक्त घर मजबूत असल्याची आधी खात्री करा. जाड दगडमातीच्या भिंती बाहेरचा आवाज अडवतात, तुळया आणि त्यांच्यावरची लाकडी किलचण आवाज विखुरतात. स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवा. मागून ‘टर्रर’ असा आवाज आला तर समोरासमोरच्या प्रत्येक जोडीतल्या एका भिंतीवर वाकळ टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. चारही भिंती झाकल्या तर फक्त वरचे सूर मरतात आणि पियानो घोंगडीत गुंडाळल्यासारखा वाजतो. पत्र्याखाली हे काम करूच नये.

दोघांना एकाच खोलीत, एकमेकांचा चेहरा दिसेल असं बसवा. हेडफोन आणि मेट्रोनोम नको. खरा पियानो असेल तर दोन सारखे कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त घेणारे) कंडेन्सर माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांत उघडून, गायिकेपासून मीटरभर लांब ठेवा. पियानो तिच्या मागे दीड मीटरवर. आवाज कमी पडला तर बटण फिरवू नका, तिला पुढे घ्या: एक मीटरवरून ७० सेंटिमीटरवर आल्याने सुमारे ३ डेसिबल मिळतात. डिजिटल पियानो असेल तर तो थेट वायरने घेतला की वेगळ्याच घरातून आल्यासारखा ऐकू येतो. खोलीत दोन स्पीकरवर वाजवा आणि त्याच माइकमध्ये येऊ द्या. रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा सूर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास.

लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. लाइट गेली तरी टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) वाचतो आणि ५० हर्ट्झची घरघर पुष्कळदा जाते. स्क्वेअर वेव्ह (घरघर करणारा साधा) इन्व्हर्टर बंदच ठेवा. पंखा बंद, म्हणून एप्रिल-मे विसरा. त्या कोरड्या हवेत पियानोचा साउंडबोर्डही (तारांखालची लाकडी फळी) आकसतो आणि सूर उतरतो. पावसाळ्यात तो चढतो. पावसाळ्याच्या रात्री रातकिडे आडवे येतात, त्यांची किरकिर काढायला गेलं की गायिकेचा ‘स’ही जातो. डिसेंबर-जानेवारीत, रात्री अकरानंतर बसा, आणि शेजारी लग्न नाही ना ते आधी विचारून घ्या.

दोघांचे आवाज एकमेकांच्या माइकमध्ये शिरलेले असतात, त्यामुळे एकच बेसूर सूर मागाहून दुरुस्त होत नाही. अख्खं गाणं तीनदा गा. जोड द्यायचाच तर आठ बारच्या सांध्यावर, श्वासाच्या आधी.

नेटवर टाकण्याआधी हक्क पाहा. भारतात शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. कर्न १९४५ला गेले, गीतकार हॅमरस्टाइन १९६०ला, म्हणजे वरचं गाणं इथे मोकळं आहे. अमेरिकेत ते २०३४ संपेपर्यंत बांधलेलं आहे.

शेवटच्या कॉर्डनंतर पेडल धरून ठेवा. नाद पूर्ण विरेपर्यंत दोघांनीही हलायचं नाही, कागद उलटायचा नाही. मग आणखी दहा सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड होऊ द्या. दोन टेक जोडताना मधे भरायला त्याच खोलीची शांतता लागते.