भुसा, पिंप आणि एक रविवार

घरामागच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत मी हौसेने सुतारकाम करतो आणि तिथला भुसा आजवर झाडूनेच काढत आलो. आज मात्र अख्खा रविवार धूळ ओढून घेण्याची व्यवस्था बसवण्यात गेला. करवतीचा जाड भुसा खाली पडतो, दिसतो, उचलता येतो. खरा त्रास सँडरच्या, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राच्या, पिठासारख्या धुळीचा, कारण ती बराच वेळ हवेत तरंगते आणि तिचे न दिसणारे कण थेट फुप्फुसात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवली आहे, हे मला फार उशिरा कळले.

हवा व्हॅक्यूम क्लीनरमध्ये शिरण्याआधी तिच्या वाटेत झाकणबंद पिंपावर सायक्लोन, म्हणजे धूळ वेगळी करणारा शंकू, बसवला. त्यात हवा गरगर फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन पिंपात पडतो आणि फिल्टरपर्यंत थोडीच धूळ पोहोचते. पहिल्या चाचणीत मात्र सगळा भुसा फिल्टरमध्येच गेला, कारण झाकणाच्या कडेने हवा आत शिरून पडलेला भुसा पुन्हा वर उचलत होती. तिथे फोमची पट्टी चिकटवली. (ती बेडरूमच्या दाराची होती, हे घरात अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही.) मग पाइपच्या वळणावरचा काटकोनी जोड (एल्बो) काढून त्याजागी ४५ अंशांचे दोन जोडले आणि हवेला अडवणारा सुरकुत्यांचा पाइप निम्मा कापला.

टेबल सॉच्या, म्हणजे टेबलात बसवलेल्या करवतीच्या, पात्यावरून उडणारा भुसा अजून हाती लागत नाही, म्हणून मास्क कायम आहे. संध्याकाळी सागवानाची फळी घासून चष्मा पुसला, तर रुमाल बऱ्यापैकी पांढरा राहिला होता.