हुमणीच्या भुंगेऱ्याचे कवच : प्रकल्पाच्या निमित्ताने

चिकोडी तालुक्यात उसाला हुमणी, म्हणजे जमिनीत राहून मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी, लागली की मुळे कुरतडली जाऊन उभी बेटे वाळतात. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि शेतकरी फांद्या हलवून ते रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हाच कीटक घेतला, कारण मऊ पांढरी अळी आणि टणक पाठीचा भुंगेरा यांच्या कवचात नेमका फरक कशाचा, हे मला स्वतः पाहायचे होते.

नमुने मी गोठवून मारले. रॉकेलने कवचावरचा मेणाचा थर बिघडतो, कवचातले पाणी उडून जाते आणि मोजमाप बदलते. भुंगेऱ्याचे पुढचे कठीण पंख आणि अळीची त्वचा आधी सौम्य आम्लात, मग गरम कॉस्टिक सोड्यात ठेवली. खेकड्यासारखा कॅल्शियम कार्बोनेटचा साठा इथे नसल्याने आम्लाचे काम लवकर आटोपले, सोड्याचे मात्र रेंगाळले, कारण पंखांतील प्रथिने सहजी सुटत नव्हती. उरलेला भाग तीव्र अल्कलीत तापवून धुतला आणि त्यावर आयोडीन व सौम्य सल्फ्युरिक आम्ल टाकले, तेव्हा दोन्ही नमुने जांभळे झाले. हा रंग कायटिनची, म्हणजे कीटकांच्या कवचातील तंतुमय पदार्थाची, खूण आहे; ते दोघांतही होते.

म्हणजे टणकपणाचे श्रेय एकट्या कायटिनला देता येत नाही. त्याचे काही नॅनोमीटर जाडीचे तंतू प्रथिनांत रुतलेले असतात आणि प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित वळलेला असल्याने भेग सरळ धावू शकत नाही. अथणीकडे चपलांचे कातडे बाभळीच्या सालीने कमावतात, तसा कीटक स्वतःच्या फिनॉलयुक्त द्रव्यांपासून क्विनोन ही प्रथिनांना जोडणारी रसायने बनवून ही प्रथिने एकमेकांना जखडतो. त्यात पाणीही कमी होते. म्हणूनच कीटकांच्या कवचाचा यंग गुणांक (ताणाला किंवा वाकवण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) साधारण 1 किलोपास्कलपासून 20 गिगापास्कलपर्यंत पसरलेला आढळतो.

पाण्याचा वाटा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. पंखाचे बूड पक्के करून टोकाला हलकी वजने टांगली आणि वाक ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने (मोजपट्टीवर सरकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) मोजला. वाळलेला पंख ताज्यापेक्षा कमी वाकला, पण एकदम मोडला. भिजवलेल्या पंखात लवचीकपणा बराचसा परत आला.

मामांनी रानातली एक अळी तळहातावर धरून विचारले, “सगळं अंग मऊ, मग हिचं डोस्कं एवढं टणक कसं?” तांबूस डोके आणि जबडे कमावलेल्या कवचाचे असतात, तर अंगाला वाढीसाठी ताणावे लागते, म्हणून ते मऊच राहते. त्या जबड्यांचा कठीणपणा मोजायला सूक्ष्म दाबाचे उपकरण लागते. पुढचे काम तेच आहे.