पट्ट्याखालचं मीठ

गांधीधामकडून दाहोद-झाबुआमार्गे इंदूरला मीठ आणणारा एक जुना दहाचाकी ट्रक माझ्या गॅरेजमध्ये आला. डिझेलची टाकी दोनच पावसाळ्यांपूर्वी दुसरीकडे बदललेली, आणि गळायला लागलेली. शेठ, म्हणजे ट्रकचे मालक, आल्या आल्या म्हणाले, "टाकी ही दो नंबर की थी।" आमच्या इंदूरच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचं हे ठरलेलं निदान.

टाकी धरून ठेवणारे पट्टे सोडले. टाकीचा तळ, जिथे सगळे वाकून बघतात, ठणठणीत. भोकं होती वरच्या अंगाला, नेमकी पट्ट्याखाली. पट्टा करकरू नये म्हणून कुणीतरी गोणपाटाची घडी घातली होती. दिवाळी होऊन गेलेली, पाऊस केव्हाच थांबलेला, तरी घडी दाबली तर बोटं ओली झाली. कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी धरतं. हे मॅग्नेशियमवाले महाशय ३३ टक्क्यांतच भिजतात. बॉडीच्या फळ्यांतून ते झिरपणार, घडीत मुरणार आणि कोरड्या दिवसांतही पत्रा खात बसणार.

वरून डांबर होतंच. लोकांचा डांबरावर फार विश्वास! ते डिझेलमध्ये विरघळतं, हे रोज डिझेल भरणाऱ्यांनाही सुचू नये? तोंडाजवळ ओघळ आले, थराची कड सुटली, खारं पाणी आत गेलं, आणि बाहेरून टाकी काळीभोर, देखणी.

नवी टाकी आणली. शेठ म्हणाले, आतून जस्त चढवून घ्या. मी साफ नाही म्हटलं. जस्त डिझेलमध्ये उतरतं, त्याचा साबणासारखा साका होतो आणि तो इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नोझलवर बसतो. टाकी वाचवायची आणि पंप-नोझलचं बिल भरायचं, यात काय शहाणपण?

नव्या टाकीवरचा काळा रंग गोदामापुरताच असतो. हा तर थिनरच्या फडक्यानेच उतरला. १२० नंबरच्या पेपरने सगळी घासली, वेल्डिंगच्या सांध्यांवर तारेचा ब्रश, पुन्हा थिनर, आणि मग उघडा हात लावायचा नाही. इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात सांध्यांना आणि कडांना ब्रशनेच दिला, कारण स्प्रेचा रंग धारेवर पातळ पडतो. हार्डनर डब्यावर लिहिल्याप्रमाणे मापून. आमचा पेंटर हात चांगला चालवतो, पण माप त्याला अपमान वाटतो, म्हणून ते मी स्वतः केलं. वर दोन घटकांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग. पट्ट्यांची आतली बाजूही रंगवली. ती कुणीच रंगवत नाही. गोणपाटाच्या जागी डिझेल सोसणारी नायट्राइल रबराची सलग पट्टी, आणि बॉडी व टाकीच्या मधोमध जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा उतरता लावला, म्हणजे ठिबकलेलं मीठ बाहेरच पडेल. रंग पक्का व्हायला गाडी उभी ठेवा म्हटल्यावर शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. भाडं बुडतं, त्यांचंही खरंच.

काही आठवड्यांनी तोच ट्रक ब्रेकच्या कामाला आला. सवयीने टाकीकडे बघितलं, तर पट्ट्याखाली गोणपाटाची नवी घडी!

ड्रायव्हरवर ओरडणारच होतो. तो शांतपणे म्हणाला, "काका, रात्रभर डोक्यात करकर वाजते. तुम्ही गोणपाट काढलंत, पण का काढलंत ते मला कुणी सांगितलं?" मराठी घरातलाच, धारचा. आमची सगळी चर्चा शेठशी झाली होती. तो तेव्हा बाहेर टपरीवर चहा पीत होता. गाडीत राहतो, झोपतो, करकर ऐकतो तो, आणि टाकीचं शास्त्र ऐकतो मालक. हे फक्त माझ्याच गॅरेजमध्ये नाही, सगळीकडे असंच चालतं, आणि तेव्हापासून मला ते खटकतंय.

करकर का, तेही तपासलं. नवी रबरपट्टी भाराने दबते, पट्टा किंचित सैल होतो. सुरुवातीच्या खेपांनंतर नट पुन्हा आवळला की आवाज जातो. घडी काढली, खालचा रंग तपासला, तो शाबूत होता. पट्टा त्याच्याच हातून आवळून घेतला, टाकी दबेल इतका नाही, हेही दाखवलं. जाताना एक पाना त्याच्या केबिनमध्ये ठेवला. शेठच्या बिलात तो लावलेला नाही.