लेखिकांच्या भूतकथा, कार्डांचा तिसरा टप्पा: खाली सही कुणाची होती?

पहिल्या दोन टप्प्यांत १८५० ते १९४० या काळातल्या इंग्रजी भूतकथांची यादी लेखिकांच्या नावाने लावली होती. ती मोडली. आता एका कथेला एक कार्ड. नावाने लावलेल्या यादीत आज आपल्याला ठाऊक असलेलं नाव दिसतं, पण कथा छापून आली त्या महिन्यात वाचकाला काय दिसलं होतं ते दिसत नाही. आणि या विषयातला सगळा घोळ तिथेच आहे.

कार्डावर सहा रकाने: पहिल्या छपाईतलं शीर्षक, खाली छापलेली सही (अक्षर न अक्षर, नसेल तर ‘सही नाही’), मासिक आणि महिना-वर्ष, पहिलं पुस्तक, नंतर पडलेली शीर्षकं, आणि आपण प्रत्यक्ष वाचलेला पाठ कोणत्या छपाईतला. शेवटचा रकाना भरायचा लोक कंटाळा करतात. करू नका, तोच पुढे वाचवतो.

नाताळ अंकांची कार्डं या टप्प्यात पूर्ण झाली. एलिझाबेथ गॅस्केलची ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ ही ‘हाउसहोल्ड वर्ड्स’च्या १८५२ च्या नाताळ अंकातली. साप्ताहिकावर नाव फक्त डिकन्सचं, संपादक म्हणून. कथेखाली सही नाही. शेवटच्या प्रसंगात भुतं फक्त लहान मुलीला दिसावीत असं डिकन्सचं म्हणणं होतं. गॅस्केलने ऐकलं नाही, तिच्या कथेत ती सगळ्यांना दिसतात. ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्ये कुणी काय लिहिलं याची कचेरीतली वही टिकली आहे आणि १९७३ मध्ये ती छापूनही आली, त्यामुळे या साप्ताहिकाचा सहीचा प्रश्न सुटतो. ‘ब्लॅकवुड्स’सारख्या मासिकांसाठी वेलस्ली इंडेक्स, म्हणजे त्या काळच्या नियतकालिकांत सहीविना आलेलं लिखाण कुणाचं ते सांगणारी सूची, पाहायचा. त्यात डिकन्सची साप्ताहिकं नाहीत, तिथे शोधत वेळ घालवू नका.

अमेलिया एडवर्ड्सची ‘द फँटम कोच’ जास्त चकवते. ती ‘ऑल द इयर राउंड’च्या १८६४ च्या नाताळ अंकात आहे, पण अनुक्रमणिकेत या शीर्षकाने सापडणारच नाही. तो अंक म्हणजे एका भाड्याच्या घरातल्या बिऱ्हाडकरूंनी सांगितलेल्या गोष्टींची माळ. त्यामुळे कथेचं शीर्षक ‘अनदर पास्ट लॉजर रिलेट्स हिज ओन घोस्ट स्टोरी’ असं आहे. कथा सांगणारा पुरुष, सही नाही, मुखपृष्ठावर डिकन्स. लेखिका तीन थरांखाली गाडलेली. अशा वेळी शीर्षक शोधण्यापेक्षा कथेतलं एखादं विचित्र विशेषनाम शोधावं. या कथेत वाट चुकलेला माणूस बर्फात ‘ड्वोल्डिंग’ किती लांब ते विचारतो. हा शब्द स्कॅनच्या मजकुरात टाकला की थेट पान उघडतं. यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरं बिघडलेली असतात, म्हणून एक नाव चाललं नाही तर दुसरं टाकायचं. प्रत्येक कार्डाच्या मागे अशी दोन-तीन नावं पेन्सिलने लिहून ठेवली आहेत.

‘द ओपन डोअर’ हे कार्ड फाडून दोन करावं लागलं. मार्गारेट ऑलिफंटची या नावाची कथा ‘ब्लॅकवुड्स’च्या जानेवारी १८८२ च्या अंकात आली. शार्लट रिडेलची याच नावाची कथा ‘विअर्ड स्टोरीज’ या संग्रहात, आणि त्याचंही साल १८८२! जालावरच्या याद्यांमध्ये एकीचा सारांश दुसरीच्या नावावर चिकटवलेला दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. आजारी मुलगा रोलंड, पडक्या वास्तूचं नुसतं उरलेलं दार आणि तिथून येणारा रडका आवाज असेल तर ऑलिफंट. लॅडलो हॉल, बंदच न राहणारं दार आणि पैशांसाठी रहस्य सोडवायला निघालेला कारकून असेल तर रिडेल. दोघींची तुलना करायची तर इथूनच सुरुवात करावी. ऑलिफंटचं दार कुठेच उघडत नाही, रिडेलच्या दाराला घराचं भाडं लटकलेलं आहे. भूत असलं की घराला भाडेकरू मिळत नाही, हा व्यवहार रिडेलइतका नेमका कुणी मांडलेला नाही. तिची आधीची पुस्तकं शोधताना ‘एफ. जी. ट्रॅफर्ड’ हे नावही टाकून पाहा.

व्हर्नन ली, म्हणजे व्हायलेट पॅजेट. ‘हॉन्टिंग्ज’ (१८९०) मध्ये कथा चारच, पण कार्डं चारांत मावत नाहीत. ‘ओक ऑफ ओकहर्स्ट’ ही १८८६ मध्ये ‘अ फँटम लव्हर’ नावाने स्वतंत्र पुस्तक म्हणून आली होती. दोन्ही शीर्षकं वेगवेगळ्या कथासंग्रहांत दिसतात, त्यामुळे एकच कथा दोनदा मोजली जाते. ‘अ विकेड व्हॉइस’ची गोष्ट उलटी. तिचं बीज १८८१ च्या ‘विंथ्रॉप्स ॲडव्हेंचर’मध्ये आहे, पण ते कच्चं रूप वेगळीच कथा धरावं लागतं. नियम असा केला: शीर्षक बदललं आणि मजकूर तोच राहिला तर एक कार्ड, कल्पना तीच पण मजकूर नवा असेल तर दोन कार्डं आणि एकमेकांकडे बाण.

सर्वात जास्त वेळ ‘द यलो वॉल-पेपर’ने खाल्ला. ‘न्यू इंग्लंड मॅगझिन’, जानेवारी १८९२, सही शार्लट पर्किन्स स्टेटसन. १८९९ मध्ये बॉस्टनला छोटं पुस्तक निघालं तेव्हाही नाव स्टेटसनच. आज ती ओळखली जाते ते गिलमन हे नाव १९०० च्या लग्नानंतरचं, म्हणून १८९२ च्या कार्डावर ‘गिलमन’ लिहिणं चूक. पाठ तपासायचा तर अगदी सुरुवातीचं ते वाक्य काढा: जॉन मला हसतो, लग्नात ते गृहीतच धरायचं. काही पुनर्मुद्रणांत यातले ‘लग्नात’ (मूळ इंग्रजीत ‘इन मॅरेज’) एवढेच शब्द गळलेले आहेत. दोन शब्द गेले की टोमणा गेला, उरते नुसती तक्रार. प्रकरणांमधल्या मोकळ्या ओळीही आवृत्तीगणिक हलतात. त्या कथेत तर बाई लिहिता लिहिता कधी थांबते हे त्या मोकळ्या जागेवरूनच कळतं. त्यामुळे संग्रहातला मजकूर वाचला असेल तर सहाव्या रकान्यात तसं स्पष्ट लिहा.

सालांचे सापळे थोडक्यात. संग्रहाचं साल कथेला लावू नये: ईडिथ व्हार्टनचा ‘घोस्ट्स’ १९३७ चा, पण त्यातली ‘द लेडीज मेड्स बेल’ १९०२ ची. ऱ्होडा ब्रॉटनचं ‘टेल्स फॉर ख्रिसमस ईव्ह’ (१८७३) आणि ‘ट्वायलाइट स्टोरीज’ (१८७९) हे एकच पुस्तक. मेरी विल्किन्स १९०२ मध्ये लग्नानंतर फ्रीमन झाली, तेव्हा दोन्ही आडनावांनी शोधायचं.

स्वस्त कागदावरच्या मासिकांचा गठ्ठा अर्धा झाला आहे. मुखपृष्ठावरचा महिना तोच लिहायचा. अंक त्याआधीच विक्रीला येत, पण ती तारीख शोधत बसू नये. ‘विअर्ड टेल्स’, नोव्हेंबर १९३३: सी. एल. मूर, ‘शँब्लो’. बाई असल्याचं लपवायला तिने आद्याक्षरं घेतली, हे सगळीकडे छापलेलं असलं तरी खरं नाही. ती बँकेत नोकरीला होती आणि लिखाणाची कमाई तिथे कळू नये म्हणून आद्याक्षरं. अर्थात फसले बरेच. हेन्री कटनर या लेखकाने तिला पहिलं पत्र ‘मिस्टर’ लिहूनच पाठवलं. पुढे १९४० मध्ये दोघांनी लग्न केलं. तिथून पुढच्या ‘लुइस पॅजेट’ आणि ‘लॉरेन्स ओडॉनेल’ या सह्यांच्या कथांत कुणाचं वाक्य कुठलं ते सांगता येत नाही. त्या कार्डांवर दोन्ही नावं घालतो.

फ्रान्सिस स्टीव्हन्सचं कार्ड उलट टोकाचं. खरं नाव गर्ट्रूड बॅरोज बेनेट. १९०४ ची पहिली कथा ‘जी. एम. बॅरोज’ या सहीने, बाकी ‘सिटॅडल ऑफ फिअर’ (१९१८) वगैरे स्टीव्हन्स नावाने. हे ए. मेरिट या लेखकाचंच टोपणनाव असावं अशी वाचकांची बराच काळ समजूत होती. जुन्या याद्यांत मेरिटच्या खाली ‘हेही पाहा’ अशी नोंद दिसली तर ती उचलू नका.

उरलंय मार्जोरी बोवेन. ‘द लास्ट बुके’ (१९३३) आणि ‘द बिशप ऑफ हेल’ (१९४९) यांतल्या कथा एकमेकींशी ताडून पाहायच्या आहेत. शिवाय जोसेफ शिअरिंग, जॉर्ज प्रीडी, रॉबर्ट पे आणि जॉन विंच ही तिचीच चार पुरुषी नावं. प्रत्येक नावाचा वेगळा गठ्ठा लावून मगच एकत्र करणार. आधीच एकत्र केलं तर कुठली कथा कुठल्या सहीने आली ते परत उलगडत नाही.