तक्रारी : निरंक

आमच्या जिल्हा परिषद शाळेत तक्रारपेटी आहे. निळ्या पत्र्याची, कुलूपवाली, मुख्याध्यापकांच्या दाराशी, म्हणजे त्यांच्या खुर्चीतून नजर टाकली की थेट दिसेल अशी. इतक्या वर्षांत तिच्यातून निघालेला ऐवज असा: गोळ्यांचे कागद, 'खिचडीत मटकी नको' अशी एक चिठ्ठी आणि एकदा जिवंत नाकतोडा. गटातल्या शाळांच्या केंद्रावर जाणाऱ्या तक्रारींच्या तक्त्यात मी दर महिन्याला 'निरंक' लिहीत आले. लिहिताना बरंही वाटायचं.

मागच्या वर्षी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी जागा बदला." फळ्यावर उजेड चमकतो म्हणून असेल, असं समजून मी तिला पुढे बसवलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मागच्या बाकावरचा मुलगा जागा बदलून बदलून तिच्यामागे येत होता, पाठीला हात लावत होता, वहीत घाणेरडं लिहून वही पुढे सरकवत होता.

मी काय केलं? दोघांना समोरासमोर उभं केलं. मग वर्गात त्याला कान धरायला लावले, "सॉरी ताई" म्हणायला लावलं. दहा मिनिटांत निकाल. दुसऱ्या दिवसापासून मुलगी गैरहजर. चौथ्या दिवशी घरी गेले. तिच्या आईने चहा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "बाई, अख्ख्या वर्गाला सांगायची काय गरज होती?"

तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

आता मी मुलीशी एकटीशी बोलते, पण दार उघडं ठेवून. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहिते. 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न जिभेवर आला तर गिळते. समोरासमोर कुणालाच उभं करत नाही. मुलाशी आणि त्याच्या पालकांशी वेगळं बोलते. तोही तेरा वर्षांचाच आहे, त्याला गुन्हेगार ठरवून माझं काम होत नाही. आणि जागा बदलायची तर त्याची. हे मला कळायला एकवीस वर्षांची नोकरी लागली. मुलगी येऊन 'माझी' जागा बदला म्हणते, 'त्याची' म्हणत नाही. सरकायचं आपणच, हे ती घरून शिकून येते आणि आम्ही शाळेत पक्कं करतो. वर्ग झाडायला मुली, बाक उचलायला मुलं. 15 ऑगस्टला पाहुण्यांना चहा द्यायला मुली, माईकवर मुलगा. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघे मिळून भाजी निवडताहेत असं चित्र दिलं. ते चित्र शिकवून झाल्यावर मी एका मुलीलाच झाडू आणायला सांगितलं होतं. माझं मलाच लक्षात आलं नाही. आमच्या शिपाईमामांनी दाखवून दिलं.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघड झाली आणि वरून पत्रांचा पाऊस पडला. कॅमेरे, पेट्या, समित्या. शाळेतल्या मुलांमुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीचा शासन निर्णय खरं तर 2022 चा. आमच्याकडे समिती होतीच. भिंतीवर यादी, त्यात पोलीस पाटील, अंगणवाडीताई, पालक, विद्यार्थी. बैठक म्हणजे काय, तर रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या. अंगणवाडीताईंना तर आपण सदस्य आहोत हे मी सांगितलं तेव्हा कळलं.

मग या वर्षी पाचवीतल्या एका मुलीने सांगितलं, ते ने-आण करणाऱ्या गाडीवाल्याबद्दल. तपशील इथे लिहिणार नाही; मुलीची ओळख पटेल असं काही बाहेर येऊ देणं हाही कायद्याने गुन्हाच आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी आपण शहानिशा करू, गावात शाळेचं नाव जाईल." घरचे म्हणाले, "पोरीला आत्याकडे धाडतो." पुन्हा तेच. सरकणार कोण, तर पोरगी.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा. मुख्याध्यापकांच्या टेबलावर मी कलम 19 उघडून ठेवलं. असं कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, शहानिशा हे आपलं कामच नाही. खाली कलम 21: कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. सरांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला. मग मी त्यांच्यासमोरच 1098, मुलांच्या मदतीसाठीचा फोन नंबर, लावला. संध्याकाळी महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यात घरी आल्या, मुलीशेजारी चटईवर बसल्या. वर्दी नको, जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यावा, हेही त्याच कायद्यात आहे. गाडीवाला बदलला, गुन्हा नोंदला गेला, पुढचं कोर्टात. मुलगी शाळेत येते. पहिले पंधरा दिवस तिची आजी व्हरांड्यात बसून असायची, वाती वळत.

पेटी आता मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात लावली आहे. किल्ली माझ्याकडे आणि अंगणवाडीताईंकडे, पेटी उघडताना दोघी हजर.

महिनाअखेरीला तक्त्यात 'निरंक'च्या जागी '1' लिहिला. अर्ध्या तासात केंद्रावरून फोन आला. "मॅडम, तक्रारींच्या रकान्यात एक पडलाय. चुकून ना?"

"नाही," म्हटलं, "मोजून लिहिलाय."

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "मग सोबत कोणतं प्रपत्र जोडायचं असतं, ते जरा बघून सांगता का? आमच्याकडे अजून कुणी जोडलेलं नाही."