रिक्तिका गळतेय! (वनस्पतीपेशी, मोठा डबा, पुढचा भाग)

नवीन वाचणाऱ्यांसाठी: शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही मोठ्या डब्यात अगारचं (म्हणजे चायना ग्रास, जेलीसारखा गोठतो) वनस्पतीपेशीचं मॉडेल करतोय. त्यातल्या रिक्तिकेने (पेशीतली रसाने भरलेली पिशवी) परत घात केला. गेल्या वेळी फोटो टाकला होता तो डबा आठवत असेल, मधे बीटाची मस्त गुलाबी रिक्तिका आणि कडेने पारदर्शक पेशीद्रव्य (पेशीतला बाकीचा द्रव). त्याची अवस्था अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्तिकेभोवती बोटभर गुलाबी ढग, आणि तिसऱ्या दिवशी पेशीद्रव्य नावाला पण पारदर्शक उरलं नाही. सोसायटीतली पोरं म्हणाली काकू ही रोझ मिल्क पेशी झाली. शाळेचं विज्ञान प्रदर्शन तोंडावर आहे, त्यामुळे मला तेवढं हसू आलं नाही.

आधी चांगली बातमी सांगते कारण त्यातूनच पुढचं सुचलं. हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) जमली! पूर्वी खायचा हिरवा रंग घालून करायचो आणि तोही असाच पसरायचा. यावेळी आठवीतल्या एकीने पालक मिक्सरमधे थोड्या पाण्यात फिरवून फडक्याने गाळला आणि ते पाणी कोमट अगारमधे घातलं. आठवडा होत आला, हिरवा रंग एक मिलिमीटर हललेला नाही. कारण सोपंय, हरितद्रव्य पाण्यात विरघळतच नाही, त्या गाळलेल्या पाण्यात तरंगत असतात ती पालकाची खरीखुरी हरितलवकं आणि त्यांचे तुकडे. अगारच्या जाळीची भोकं त्यांच्यापुढे फारच बारीक, ती अडकून बसतात. म्हणजे आमच्या खोट्या हरितलवकात खरी हरितलवकं आहेत, आणि हे सांगताना त्या पोरीचा चेहरा बघायला हवा होता. टीप: उकळत्या अगारमधे पालक घालू नका, हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो (उष्णतेने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं). पन्नास अंशांच्या आसपास येऊ द्या मग घाला, चिमूटभर खायचा सोडा टाकलात तर अजून टिकतो.

आता बीट. बीटाचा रंग पाण्यात विरघळणारा, रेणू छोटासा, त्याला अगारची जाळी म्हणजे सताड उघडं दार. मला आधी वाटलं अगार घट्ट केला की थांबेल. लिटरला १५ ग्रॅम घालायचे ते ३० ग्रॅम घातले, रिक्तिका रबरासारखी झाली पण रंग त्याच ऐटीत बाहेर. मग एकाने जिलेटिन सुचवलं, पण ते इथल्या उन्हाळ्यात टेबलावरच पाणी होतं, शिवाय ते प्राण्यांपासून बनतं, अर्ध्या पोरांच्या घरी चालत नाही. (अगारचं हेच तर सुख आहे, चाळिसाच्या खाली कुठेतरी गोठतो आणि एकदा गोठला की ८५ च्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून तर गोठलेल्या अंगकांवर (पेशीतल्या छोट्या भागांवर) कोमट थर बिनधास्त ओतता येतो.) मग वनस्पती तुपाचा हात फिरवून बघितला, म्हणलं पेशीतलं पटल (रिक्तिकेभोवतीचा पातळ पापुद्रा) शेवटी मेदाचंच असतं की. रंग बराच अडला पण वरचा अगारचा थर तुपाला चिकटेना, डबा जरा कलता केला की अख्खी रिक्तिका साबणाच्या वडीसारखी सटकायची.

या सगळ्यात एका सातवीतल्या बारक्याने विचारलं, काकू मग बीटात तो रंग कसा काय आत राहतो? कच्चं बीट कापून पाण्यात टाकलं तर थोडं पाणी लाल होतं आणि मग थांबतं.

हा प्रश्न मी इतके दिवस स्वतःला का विचारला नव्हता कोण जाणे. बीटात पण तो रंग रिक्तिकेतच असतो! आणि तिथे त्याला अडवणारी जाळी नाहीये, पटल आहे. चिरताना ज्या पेशी फुटतात तेवढ्यांचा रंग निघून जातो, बाकीच्या शाबूत. मग काय, डबा बाजूला ठेवून सगळी दुपार तेच. सारख्या आकाराचे बीटाचे तुकडे, आधी गार पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले, मग वेगवेगळ्या ग्लासात ३०, ४०, ५०, ६०, ७० अंशांचं पाणी. चाळीसपर्यंत विशेष काही नाही, साठ-सत्तरच्या ग्लासात सरबत. उष्णतेने पटल मोडलं की रंग मोकाट. हा प्रयोग कॉलेजात असतो हे माहीत होतं पण गळकी रिक्तिका समोर ठेवून केल्यावर पोरांना वेगळं समजवावंच लागलं नाही.

म्हणजे आपल्याला पटल हवं. पण केवढं जाड? इथे मी कागद-पेन घेतलं. आमचा डबा ३० सेंटिमीटर, पानातली लांबट पेशी साधारण ६० मायक्रोमीटर धरली तर आपण ५००० पट मोठं करतोय. हरितलवक ५ मायक्रोमीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटर, बरोबर. पेशीभित्तिका एक पंचमांश मायक्रोमीटर धरली तर १ मिलिमीटर, म्हणजे डब्याची भिंतच झाली, वेगळं काही करायला नको. तंतुकणिकेची (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारं अंगक) रुंदी १ मायक्रोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे ५ मिलिमीटर, तेव्हा सगळ्या प्रदर्शनांत तंतुकणिका म्हणून ठेवतात तो राजमा जरा जास्तच गुबगुबीत आहे. आणि हो, वनस्पतीपेशीत तंतुकणिका घालाच! निम्म्या मॉडेलमधे नसतात, मग पोरं समजतात की झाडांना हरितलवकं आहेत तर तंतुकणिका कशाला. तसंच केंद्रक बरोब्बर मधोमध आणि रिक्तिका कोपऱ्यात वाटाण्याएवढी, हे पण बंद करा राव. वाढलेल्या वनस्पतीपेशीत रिक्तिका बरेचदा ८०-९० टक्के जागा खाते, केंद्रक बिचारं भिंतीला टेकतं.

तर पटल. ७-८ नॅनोमीटर गुणिले ५०००, म्हणजे ४० मायक्रोमीटर. चाळीस मायक्रॉन! अहो ही तर पातळ प्लॅस्टिकची पिशवी झाली. मोजमापानेच उत्तर हातात दिलं. ड्रायक्लीनिंगच्या साडीवर येते तसली पिशवी घेतली, कापून कडा बंद केल्या. चिकटपट्टी नको, ओल्यात सुटते. फुटाणेवाले जशी मेणबत्ती आणि हॅकसॉच्या पात्याने पुडी बंद करतात तशी केली, कडा पात्याच्या बाहेर केसभर ठेवायची आणि ज्योतीवरून झर्रकन न्यायची. पहिल्या काही पिशव्या जळाल्या, मग हात बसला. आत बीटाचं पाणी, हवेचा बुडबुडा अजिबात नको नाहीतर रिक्तिका वर तरंगते (आमची तरंगली, मग पाण्यात थोडी साखर घालून जड केली). खाली अर्धा थर, त्यावर पिशवी, बाजूने हरितलवकं, वरून कोमट अगार.

चार दिवस झाले. गुलाबी आत, पारदर्शक बाहेर. येताजाता बघून घेते.

सामानाबद्दल: चायना ग्रासच्या पट्ट्या या कामाला नको, गढूळ दिसतं आणि पाच लिटरच्या डब्याला किती पुडे लागतील विचारूच नका. पावडर घ्या. मी एकदा ऑनलाइन मागवली ती ओलसर गोळे झालेली आली आणि धड गोठली पण नाही, तेव्हापासून पुण्यात बोहरी आळीत जाऊन पाकीट हातात घेऊन बघूनच घेते, सुटी पावडर अजिबात घेत नाही.

आता मूळ बेत होता की दुसऱ्या डब्यात प्राणीपेशी करायची आणि दोन्ही शेजारी मांडायच्या. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की दुसरा डबा पण वनस्पतीपेशीचाच करावा, फक्त पटलाशिवाय, मुद्दाम गळू द्यायचा. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी ओतला तर दुसऱ्या दिवशी लोकांसमोर ढग पसरत राहील आणि शेजारी बीटाचे ते पाच ग्लास. प्राणीपेशी काय, गालाच्या पेशी फोल्डस्कोपखाली (कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक) दाखवू, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा एक थेंब की केंद्रक दिसतं.

आणि रंग पसरतोच आहे तर त्यालाच कामाला लावायचं अजून एक डोक्यात आलंय. हळद घातलेल्या अगारचे ठोकळे, १, २ आणि ३ सेंटिमीटरचे, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकायचे. हळद-चुन्याचं कुंकू होतं तेच इथे, बाहेरून आत लाल होत जातं. ठरावीक वेळाने काढून मधोमध कापले की छोटा ठोकळा बराचसा लाल आणि मोठ्याच्या पोटात पिवळंच. पृष्ठभाग भागिले आकारमान काढलं तर ६, ३, २. पेशी एवढ्या बारीक का असतात ते सुरीनेच कापून दाखवता येईल. एक छोटा ठोकळा काल करून पाहिला, रेषा एकदम स्वच्छ येते. मोठ्या माणसाने हातमोजे घालून करा, सोडा हाताला झोंबतो.

पिशवीची एक उणीव राहतेच. प्लॅस्टिकमधून पाणी पण जात नाही, खऱ्या पटलातून जातं, त्यामुळे परासरण (पटलातून पाण्याची ये-जा) या डब्यात दाखवता येत नाही. व्हिनेगरमधे कवच विरघळवलेलं अंडं बरेच जण ठेवतात, ठेवा, फुगतं-आकसतं छान, फक्त त्यावर ‘पेशीपटल’ अशी चिठ्ठी लावू नका, ते कवचाखालचं प्रथिनांच्या तंतूंचं आवरण आहे. मी त्याऐवजी ऱ्हिओचं पान आणणार आहे, बागांच्या कडेने लावतात ते, वर हिरवं खाली जांभळं. खालच्या बाजूची साल फोल्डस्कोपखाली, मग मिठाच्या पाण्याचा थेंब, आणि गुलाबी रिक्तिका भिंत सोडून आत आकसताना दिसते. आमच्याकडच्या कुंडीतलं उन्हाने करपलंय, साल तुकड्या-तुकड्यात निघतेय. कर्वेनगर-कोथरूड भागात कोणाकडे सावलीतलं, मोठ्या पानांचं ऱ्हिओ असेल तर सांगा, चार-पाच पानं पुरतील.